कागद माझा, अक्षर त्यांचं

बुलढाण्यात खोली शोधत फिरत होतो तेव्हा प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. आडनाव सांगितलं की खोली कालच भरलेली असायची. आम्ही बौद्ध झालो त्याला काही वर्षं झाली होती, पण आडनाव तेच होतं. पुढे माझे घरमालक झालेल्या काकाजींनी मात्र आडनाव विचारलं नाही. ते ओट्यावर बसून पानाला चुना लावत होते. मी मोताळ्याकडचा म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"तुमच्या गावात जुनं मानूस कोन मेलं? म्हंजे लिवता-वाचता येनारं?"

मी गोंधळलो. म्हटलं, "मला माहीत नाही. घरी विचारून सांगतो."

"हाव, इचारून सांग. तवरिक खोली पाहून घे."

अशी मला खोली मिळाली. काकाजींबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण हा माणूस मला कळला असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकलेली माणसं कशी असतात हे मला काकाजींकडे पाहूनच ठरवावं लागलं, आणि त्यामुळे माझा बराच गोंधळ झाला.

काकाजी कोर्टात कारकून होते. मी गेलो तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगात बाराही महिने काळा कोट, खाली धोतर. बोलताना 'मुदत', 'वारस', 'गैरहजर' हे शब्द त्यांना चहासाखरेसारखे लागायचे. घरात मूलबाळ नव्हतं. काकू होत्या, एक शेळी होती, आणि एक पुस्तक होतं.

सगळी भानगड त्या पुस्तकाची होती.

पुस्तक गुरांच्या दुखण्यांचं होतं. पोटफुगी, तोंडखुरी, खांदा सुजणं, व्यालेल्या म्हशीचा वार न पडणं, अशा शंभर गोष्टी आणि त्यांवरचे झाडपाल्याचे उपाय. ते फार जुनं होतं. पुन्हा कधी छापलं गेलं नव्हतं, आणि काकाजींनी किती वाचनालयांत, किती शाळांत विचारलं तरी दुसरी प्रत कोणी पाहिली नव्हती. कागद इतका सुकला होता की पान उलटलं की कडेचा तुकडा मांडीवर पडायचा. ते तुकडे काकाजी वेचून एका डबीत ठेवायचे. पुस्तक संपायच्या आत ते पुन्हा छापलं जावं, गावोगावच्या गोठ्यांत जावं, ही त्यांची एकच इच्छा होती. आणि ते छापू न देणारेही तेच.

मला हे कळायला सहा महिने लागले. कायदा असा की लिहिणारा जिवंत असेपर्यंत आणि मेल्यानंतर पन्नास वर्षं त्याचं पुस्तक दुसऱ्याने छापायचं नाही. छापायचं तर त्याची, तो नसेल तर त्याच्या वारसांची परवानगी पाहिजे. पन्नास वर्षं सरली की ते सगळ्यांचं. पुस्तकात शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव होतं, पण तो कुठला, वारला कधी, हे कुठेच नव्हतं. छापल्याचं साल असलेलं पान गायब होतं. म्हणून काकाजी भेटेल त्याला मेलेल्या माणसांबद्दल विचारायचे. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एकदा एका नवरदेवाच्या आजोबांना त्यांनी अक्षता पडायच्या आधी विचारलं, "तुमच्याकडं या नावाचं कोनी मेलं होतं काय?" काकूंनी तेव्हापासून त्यांच्याबरोबर लग्नाला जाणं बंद केलं.

"मानसाले मानूस मेलेलं आवडते, असं पाह्यलं होतं काय तू कधी?" काकू मला विचारायच्या.

"मले तो मेलेला नाही पाह्यजे," काकाजी आतून ओरडायचे, "मले तो येळेवर मेलेला पाह्यजे!"

पुस्तक त्यांना कसं मिळालं ते त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मोताळ्याच्या आठवडी बाजारात एक शेंगावाला त्याची पानं फाडून पुड्या बांधत होता. काकाजींनी शेंगा घेतल्या, उभ्या उभ्या खाल्ल्या आणि पुडी वाचली. पुडीत बैलाच्या डोळ्यातल्या फुलावरचा उपाय होता. पुन्हा शेंगा घेतल्या. ह्या पुडीत दुसरं दुखणं. मग त्यांनी शेंगावाल्याचा हात धरला. उरलेलं पुस्तक विकत घेतलं आणि आधी गेलेल्या पुड्यांच्या मागे बाजारभर धावले. एका बाईच्या हातातली पुडी त्यांनी मागितली तर ती म्हणाली, "आजोबा, भूक लागली असंन तं शेंगा घ्या, कागद कायले घेता?" ते पान मिळालं. दोन-तीन मात्र गेलीच. "एका पानावर साल असंन," ते म्हणायचे, "मीठ लावून खाल्लं कोनी तरी."

गुरुवारी ओट्यावर वाचन व्हायचं. ज्याचं जनावर आजारी तो यायचा, दुखणं सांगायचा. काकाजी कोट झटकून बसायचे, पुस्तक उघडायचे, लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचे आणि ते पान मोठ्याने वाचायचे. हवं तितक्या वेळा वाचायचे. पण उतरवून घेऊ द्यायचे नाहीत. कुणी खिशात हात घातला की वाचन थांबायचं. पानं त्यांना पाठच होती, त्यामुळे वाचताना त्यांचे डोळे पुस्तकावर नसायचेच, ते ऐकणाऱ्याच्या हातांवर असायचे.

"कागद माझा, अक्षर त्यांचं," ते सांगायचे. "ऐकाले मनाई नाही. ऐकलेलं हवेत जाते. लिवलं की दुसरं पुस्तक झालं."

मला हे पटायचंही आणि पटायचं नाहीही. कारण ऐकलेलं सगळं हवेत जायचं नाही, त्यातलं अर्धं जायचं. एक जण घरी पोचेपर्यंत ओवा विसरायचा, दुसरा ओवा लक्षात ठेवून हिंग विसरायचा. एकाने तर पोटफुगीचा उपाय खांदा सुजलेल्या बैलावर केला. बैल काही मेला नाही, पण दोन दिवस आमच्या ओट्यावर येऊन तो माणूस काकाजींना बोल लावत बसला.

"लिवू दिलं असतं तं असं झालं असतं काय, काकाजी?"

"मंग तू ध्यान देऊन ऐकायचं होतं बे. लक्ष कुठी होतं तुझं?"

"तुमच्या डोयाकडं! तुम्ही असे पाहून राह्यले होते का मी जसा चोर."

आमच्या कॉलेजात एक प्राध्यापक होते, त्यांनी वकिलीची परीक्षा दिली होती. मी धीर करून त्यांना विचारलं. ते हसले. "अरे, स्वतःच्या उपयोगासाठी चार ओळी उतरवून घेतल्या तर कायदा काही म्हणत नाही. छापून विकणं वेगळं. तुझ्या घरमालकांना सांग, एवढं घाबरायचं कारण नाही."

मी आनंदाने घरी आलो. वाटलं, आपण शिकतो त्याचा आज उपयोग झाला. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, पानाचा विडा गालात सरकवला आणि म्हणाले, "कायदा काही नाही म्हनत, हे बरोबर. मले माहीत हाये. पन लिवनारा काय म्हनते?"

"तो तर मेला, काकाजी."

"म्हनूनच. कोर्टात जो गैरहजर असते ना, त्याच्या वतीनं कोनी बोलत नाही. सगळे हजर असलेले त्याचं वाटून घेतात. मी पूर्री नोकरी हेच पाह्यलं. आता एकाच्या वतीनं तरी बोलू दे मले."

ते म्हणाले ते खरं होतं असं वाटलं. मग खोलीत आल्यावर त्या बैलवाल्याची आठवण झाली आणि तो म्हणाला तेही खरं वाटलं.

चिखलीला एक छापखानेवाला होता. लग्नपत्रिका आणि बाजाराच्या जाहिराती छापायचा. तो पुस्तक छापायला एका पायावर तयार होता. गुरांच्या बाजारात हजारो खपतील असं म्हणायचा. बुलढाण्याला आला की ओट्याशी सायकल टेकवून हाक मारायचा, "काय काकाजी, मेला का नाही अजून तुमचा मानूस?"

"तपास चालू हाये."

"तुमचा तपास होईस्तोवर पुस्तकाचा भुगा होईन. वाळवी तुमची परवानगी मागून खाते काय?"

काकाजी आत जाऊन पुस्तकाला कडुनिंबाचा पाला बदलायचे.

आता कावळ्याची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मी काकाजींना वेडं म्हणायचं सोडलं. ज्याच्या मृत्यूची तिथी माहीत नाही त्याचा घास सर्वपित्री अमावस्येला ठेवतात. काकाजी दरवर्षी त्या दिवशी दोन पानं वाढायचे, एक आपल्या घरच्या पित्तरांचं, दुसरं पुस्तक लिहिणाऱ्याचं. काकू कुरकुरायच्या, पण दुसऱ्या पानावरही वडा ठेवायच्या. पहिल्या वर्षी काकाजी मला म्हणाले, "हे पान जरा धर, मी ओसरीतून पाट आनतो." मी हात पुढे केला आणि थांबलो. आमच्या घरी हे सगळं बंद झालं होतं. वडिलांनी देव पाण्यात सोडले तेव्हा मी काठावर उभा होतो. धरावं की धरू नये? काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. "राहू दे," ते म्हणाले, "तुमच्यात नाही चालत. मी ठेवतो." रागावले नाहीत. पान ठेवून कावळ्याची वाट पाहत उभे राहिले, आणि मीही का कुणास ठाऊक, त्यांच्याबरोबर उभा राहिलो. कावळा बराच वेळ आला नाही. काकाजी हात जोडून हळूच म्हणाले, "साल सांगा, बाप्पा. बाकी काही नाही मांगत."

तपास लागला तो माझ्या वडिलांमुळे. वडील एकदा मला भेटायला आले ते नेमके गुरुवारी. ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी तोंडखुरीचं पान ऐकलं. बाभळीच्या सालीचा काढा, त्यात तुरटी किती, तोंड दिवसातून कितीदा धुवायचं. ऐकता ऐकता वडील पुढचं वाक्य काकाजींच्या आधी म्हणाले.

काकाजी थांबले. "तुम्हाले कसं माहीत?"

"हे तं आमचा आबा सांगे," वडील म्हणाले. आबा म्हणजे माझे आजोबा. ते गावची गुरं राखायचे. "आन काकाजी, हे नाव तुम्ही घेतलं ना लिवनाराचं, ह्या आडनावाचे लोक हिवरा आश्रमाकडं हायेत. बैल घ्याले गेलो होतो तवा ऐकलं होतं म्या."

काकाजींनी त्या दिवशी उरलेल्यांना परत पाठवलं.

आम्ही दोघं एसटीने निघालो. चिखलीला गाडी बदलली, मेहकरला बदलली, आश्रमाच्या अलीकडे उतरून गाडीवाटेने चालत गेलो. काकाजींनी कोटाला इस्त्री करून घेतली होती. पुस्तक पिशवीत, पिशवी छातीशी. वाटेत ते एकदाच बोलले, "बाबू, पन्नास झाले असतीन ना रे?" मी म्हटलं, झाले असतील. मला वाटलं होतं, आज सगळं सुटेल.

घर सापडलं. अंगणात एक म्हातारी आजी तूर निवडत होत्या. त्या लिहिणाऱ्याच्या सूनबाई. त्यांचा मुलगा, म्हणजे लिहिणाऱ्याचा नातू, गोठ्यातून हात धूत आला. काकाजींनी नाव विचारून खात्री केली, टोपी नीट केली आणि प्रश्न विचारला. इतकी वर्षं जो प्रश्न ते साऱ्या जिल्ह्याला विचारत होते, तो अखेर बरोबर अंगणात विचारला गेला.

"मामंजी कवा गेले म्हनता? पोयाच्या दुसऱ्या दिवशी," आजींनी एका क्षणात सांगितलं. "बैल धुतले, सजवले, पुरनाची पोई चारली. सकायी उठलेच नाहीत."

"कोनत्या साली?"

"पोयाच्या दुसऱ्या दिवशी."

"हाव माय, दिवस कळला. वरीस कोनतं?"

"वरीस कायले पाह्यजे? पित्तराले तीथ लागते, वरीस नाही लागत. पित्तरातल्या पाडव्याले पान असते त्याईचं आमच्या घरी. एक साल चुकलो नाही आम्ही."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते अगदी कोर्टातल्यासारखे हळूहळू विचारायला लागले. तुमच्या लग्नाआधी की नंतर? नंतर. लग्न कोणत्या साली? मला काय ठाऊक, मी तेव्हा लहान होते. पाऊसपाणी कसं होतं? बरं होतं. सरकार कोणाचं होतं? आजी म्हणाल्या, "सरकार आपल्या अंगनात कुठी येते?" शेवटी नातवाची पाळी आली.

"आजा मेला तवा मी रांगत होतो, असं माय सांगते."

काकाजींचा चेहरा उजळला. "बस, बस. तुमचं वय सांगा."

नातवाने डोकं खाजवलं. "असंन चाळीस."

"चाळीस?"

"नाही तं पन्नास."

मला हसू आलं ते मी दाबलं. काकाजींना हसू आलं नाही. पन्नास असेल तर पुस्तक मोकळंच होत आलं होतं. चाळीस असेल तर अजून दहा-अकरा वर्षं. एका माणसाच्या डोकं खाजवण्यात दहा वर्षं गेली.

मग मलाच सुचलं. "काकाजी, हे वारस आहेत ना? मग साल कशाला? परवानगीच मागा!"

नातवाला तर आजोबांनी पुस्तक लिहिलं हेच माहीत नव्हतं. काकाजींनी पिशवीतून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या कुणाच्या हातात मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्याने ते उलटं धरलं, मग सुलटं केलं, मग आईच्या मांडीवर ठेवलं. "छापा की," तो म्हणाला. "काऊन नाही? आज्याचं नाव होईन."

"तुम्ही एकटेच वारस?"

"एक मोठा भाऊ हाये. नागपूरकडं गिरनीत गेला. मंग काही पत्ता नाही. जिता हाये का मेला, देवाले माहीत."

मला वाटलं, हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं. काकाजींनी पुस्तक परत घेतलं, फडक्यात बांधलं. "मंग त्याची बी सही लागन," ते म्हणाले.

"अहो, तो येतच नाही!"

"येतात. म्या पाह्यलं. मेला म्हनलेला भाऊ बरोबर तारखेले येऊन उभा राह्यते. तो आल्यावर त्याले काय सांगाव? का तू नव्हता म्हनून तुझं आम्ही वाटून टाकलं?"

नातवाने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. आजी मात्र तुरीत हात फिरवत काही तरी आठवत होत्या. त्या म्हणाल्या, "पन ह्यातलं काही मामंजीचं नव्हतं जी. ते गावोगाव फिरत. गुराख्याईले इचारत, धनगराईले इचारत, लिवून आनत. सासूबाई चिडे, की हा मानूस लोकाईचं ऐकून कागद खराब करते. मोतायाकडं लय जाये ते. तिकडं एक म्हातारा होता म्हनत, त्याच्याजवळ दोन दोन दिवस बसत." मोताळा म्हणजे आमचाच भाग.

परतीच्या गाडीत काकाजींनी मेहकरपर्यंत पिशवी छातीशीच धरली होती. मग म्हणाले, "बाबू, आता तुझ्या बापालेही इचारा लागन."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण पुढच्याच रविवारी ते आमच्या गावी आले. काळा कोट घालून ते आमच्या वस्तीत शिरले तेव्हा लोकांना वाटलं, कुणाच्या घरी समन्स आलं. वडिलांनी खाट टाकली. काकाजी खाटेवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. की कदाचित, नक्की नाही, पण कदाचित पुस्तकातलं काही तुमच्या वडिलांनी सांगितलेलं आहे. तर छापायला तुमची काही हरकत आहे काय?

असा प्रश्न घेऊन आमच्या अंगणात कुणी आलं नव्हतं. वडिलांनी विचारलं, "त्याच्यात आबाचं नाव हाये काय?"

"नाही," काकाजी म्हणाले. "कोनाचंच नाही. मी पूर्रं वाचलं."

"हं," वडील म्हणाले. आणि आईला म्हणाले, "च्या टाक."

चहा झाल्यावर वडिलांनी त्यांना फाट्यापर्यंत पोचवलं. तिथे एसटीची वाट पाहताना ते म्हणाले, "काकाजी, माझी हरकत नाही. आबा कोनाले नाही म्हनत नोता. ज्याचा बैल पडला त्याले सांगे, मंग तो आमाले शिवू नये म्हनून पानी वरून ओते तरी बी. पन तुम्ही इचारलं, हे बरं केलं." काकाजी काही तरी बोलणार होते, तेवढ्यात गाडी आली.

मला वाटलं होतं, आता ते छापतील. पण त्यांनी काय केलं? नातवाचं वय चाळीसच धरलं. "कमी धरलेलं बरं. जास्त धरून चूक झाली तं भरून देनारा मी राहनार नाही," असं म्हणून अजून दहा-अकरा वर्षं थांबायचं ठरवलं. तोपर्यंत भाऊ सापडला तर ठीक. छापखानेवाला त्या दिवशी खरंच चिडला. "तुमचं वय काय, काकाजी? सत्तर होऊन गेले. अकरा वर्षं तुम्ही थांबान, यमराज थांबन काय?"

"मी नसंन. पुस्तक असंन."

"पुस्तक बी नसंन! डबीत असंन, भुगा!"

एकच गोष्ट बदलली. पुढच्या भादव्यात काकाजींनी दुसरं पान सर्वपित्रीला न ठेवता, आजींनी सांगितल्याप्रमाणे, पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी, प्रतिपदेला ठेवलं. कावळा लगेच आला. "साल नाही भेटलं," ते समाधानाने म्हणाले, "पन घास तं बरोबर दिवशी गेला." आणि मग, मला वाटतं मला ऐकू येऊ नये म्हणून, हळूच म्हणाले, "त्या मोतायाकडच्या म्हाताऱ्याची तीथ माहीत नाही. त्याचं अमावस्येले ठेवू." अमावस्येला त्यांनी ते ठेवलं. मी वडिलांना सांगितलं नाही. वडिलांना आवडलं असतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

काकाजी गेल्या उन्हाळ्यात वारले. मी परीक्षेला बसलो होतो. परत आलो तर ओट्यावर माणसं. काकूंनी दिवस झाल्यावर मला आत बोलावलं आणि फडक्यात बांधलेलं पुस्तक आणि ती डबी माझ्या हातात दिली. "तुले द्या म्हनत होते. म्हने, बाबू तरुन हाये, त्याची मुदत मोठी." मी नगरपालिकेत जाऊन त्यांच्या मृत्यूची नोंद करून आलो आणि पुस्तकाच्या फडक्याच्या कोपऱ्यावर शाईने त्यांची तिथी आणि साल, दोन्ही लिहिलं. काकाजींनी एक ओळही लिहिली नव्हती. त्यांचं साल कोणताच कायदा विचारणार नाही. तरी लिहिलं.

सुट्टीत पुस्तक घेऊन मी गावी आलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस आला. त्याची गाय चार दिवसांपासून तोंडातून लाळ गाळत होती, चारा घेत नव्हती. "तुमच्याकडं ते वाचून दाखवतात म्हने," तो म्हणाला. वडील अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उपाय त्यांना तोंडपाठ होता. ते सांगू शकले असते. त्यांनी सांगितला नाही.

मी पुस्तक मांडीवर घेतलं. तोंडखुरीचं पान काढलं. कडेचा तुकडा मोडला तो डबीत टाकला. वाचायला सुरुवात केली तर त्या माणसाने बसल्या बसल्या बंडीच्या खिशात हात घातला. हातात लिहायला कागदाचा चपटा केलेला पुडा आला, आणि पेन्सिलीचं थोटूक.

मी थांबलो. काकाजी असते तर त्यांनी पुस्तक मिटलं असतं. छापखानेवाला असता तर म्हणाला असता, पेन्सिल कशाला, पूर्ण पुस्तकच घे. प्राध्यापक हसले असते. नागपूरकडे गेलेला भाऊ कुठे असेल कोण जाणे. तो माणूस पेन्सिलीला थुंकी लावून माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, गाय होती.

काय बरोबर ते मला तेव्हा कळलं नाही आणि आत्ता लिहितानाही कळलेलं नाही. मी त्याच्या हातांवरून नजर काढली, अंगणाबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहिलं, आणि पान पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. काकाजी वाचायचे त्यापेक्षा सावकाश.